मीठ आणि सोडा

एकतीस वर्षं सूत रंगवलं मी
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत.
मीठ घातलं की रंग सुताकडं पळतो,
सोडा घातला की तिथंच बसतो.
एवढीच माझी विद्या.
टॉवेल विरेल, लाल विरायचा नाही,
अशी पैज मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर लावायचो.

रिटायर झालो तेव्हा भाच्यानं, रघुपतीनं,
काचेची टाकी आणून दिली
आणि फुगवलेल्या पिशवीत बोटाएवढं प्रवाळ.
"मामा, झाड नाही हे, दगड तर नाहीच.
जनावर आहे."

जनावर जांभळं होतं.
महिन्याभरात वळलेल्या विडीसारखं
तपकिरी झालं.

मी मास्टर माणूस.
रंग उतरला तर काय करायचं
हे मला कुणी शिकवावं?
दिवा एकदम पूर्ण चढवला.
दुपारी सोडा वाढवला,
संध्याकाळी वाटलं जास्त झाला, अर्धं पाणी बदललं,
रात्री पुन्हा बाटली हातात.
नागमणी दारातून म्हणाली,
"काय करूलालाव हो त्याला? झोपू तरी द्या."

आठवड्यात टोकापासून बुडापर्यंत पांढरं.
ब्लीच काढलेल्या लडीसारखं.

कोरी लड पाहिली की माझे हात शिवशिवायचे,
आता हिच्यावर काय चढवू!
त्या सकाळी हात नुसतेच मांडीवर.

रंग कुणी चढवलेलाच नव्हता.
काही त्याच्या कातडीचा स्वतःचा,
काही आतल्या भाडेकरूंचा –
डोळ्याला न दिसणारे जीव,
उजेड शिजवून घरमालकाला वाढणारे.
उजेड कमी पडला की खोलीत गर्दी करतात,
सगळं तपकिरी.
उजेड अंगावर आला, पाणी बिथरलं
की घरमालकच त्यांना बाहेर काढतो
आणि मग रिकाम्या घरात उपाशी बसतो.
मेलेला नसतो. पांढरा असतो.

रघुपती फोनवर एवढंच म्हणाला,
"हात खिशात ठेवा, मामा."

अवघड आहे हो.
ह्या गावात नळ पाचव्या दिवशी येतो,
कधी सहाव्या, रात्री अडीचला,
बोअरचं पाणी पातेल्याला चुना फासतं,
आणि ह्याला हवं कालचं पाणी.
कालच्याइतकं खारं, कालच्याइतकं कोमट,
सोडा कालचाच,
राईभर इकडं नको, राईभर तिकडं नको.

मेमध्ये त्रेचाळीस.
टाकी रोज तांब्याभर पाणी हवेला देऊन टाकते,
मीठ मात्र सोडत नाही.
म्हणून मशीनचं गोडं पाणी, सकाळी अर्धा तांब्या,
रात्री अर्धा, थेंब थेंब.
नागमणी ओतते.
माझ्यापेक्षा तिचा हात बरा;
तिला कुठल्या शेडची घाई नाही.
डाइंगच्या जुन्या वहीत, नेव्ही ब्ल्यूच्या पुढच्या पानावर,
मी लिहीत गेलो:
दिवा निम्मा. दिवा निम्मा. दिवा निम्मा.
मग आठवड्याला दोन रेघा वर.

आषाढ गेला, थंडी आली,
गड्ड्याची यात्रा उठली.
एका टोकाला काहीतरी आलं.
निळ्या दिव्यात हिरवं पेटतं,
पांढरा लावला की जांभळं.
पहिलं जांभळं नव्हे, त्याच्या शेजारचं.
ट्यूबखाली पास झालेला लॉट
उन्हात वेगळा दिसला तर
आम्ही रिजेक्ट मारायचो, पोरांना शिव्या घालायचो.
ह्याला काय मारू?

जुना सोबती इरण्णा बघायला आला,
चष्मा कपाळावर, नाक काचेला.
"कुठला नंबर रे हा? शेडकार्डावर नाही."
"नाही."
"पक्का आहे का?"

मी वहीत पाहिलं. टाकीत पाहिलं.
"आजच्यापुरता."

तो गेल्यावर नागमणी पदरानं वारा घेत बसली.
फेब्रुवारीतच उकडायला लागलंय,
आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन
पाण्याकडं तोंड करून.
"तुमच्या जनावराचं झालं असेल," ती म्हणाली,
"तर इकडं पण फिरवा की जरा."